कुत्रीचे सिझेरियन: तारखेच्या हिशेबापासून टाके काढण्यापर्यंत

कुत्रीच्या सिझेरियनमध्ये किती पिल्ले जिवंत हाती लागतील, हे बरेचसे पोटावर चीर पडण्याआधीच ठरलेले असते. तारखेचा हिशेब ठेवलेला नसेल, निर्णयाला उशीर झाला असेल किंवा पिल्ले पुसायला माणसे कमी पडली असतील, तर शल्यचिकित्सकाचा हात कितीही चांगला असला तरी त्याचा उपयोग होत नाही. मादीची नसबंदी जो पशुवैद्य नेहमी करतो, त्याला सिझेरियनची शस्त्रक्रिया अवघड जात नाही. म्हणून या लेखात चिरेपेक्षा तिच्या आधीच्या आणि नंतरच्या कामावर अधिक लिहिले आहे. लेख महाराष्ट्रातील लहान-मध्यम दवाखान्यांत काम करणाऱ्या तरुण पशुवैद्यांसाठी आणि त्यांच्या सहाय्यकांसाठी आहे. पालकांनी तो वाचल्यास फोन नेमका केव्हा करायचा हे त्यांना कळेल. औषधांच्या मात्रा मात्र पशुवैद्याने मादी प्रत्यक्ष तपासूनच ठरवायच्या असतात.

तारीख नक्की करणे

मिलनाच्या दिवसापासून मोजले तर कुत्रीचा गर्भकाळ ५७ ते ७२ दिवसांचा भरतो. ही तफावत मिलनाच्या तारखेमुळे येते. नराचे शुक्राणू मादीच्या शरीरात अनेक दिवस जिवंत राहतात आणि मिलन बीज सुटण्याच्या आधी किंवा नंतरही झालेले असू शकते. बीज सुटल्याच्या दिवसापासून मोजल्यास मात्र हाच काळ ६३ दिवसांच्या एक-दोन दिवस अलीकडे-पलीकडे स्थिर राहतो. त्यामुळे ज्या पालकांना मादी लावायची आहे त्यांना माजाच्या काळातच रक्तातील प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची तपासणी करून घ्यायला सांगावे. रक्तातील प्रमाण मिलिलिटरला साधारण ५ ते ८ नॅनोग्रॅमच्या दरम्यान पोहोचले की बीज सुटले असे धरतात. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग यांसारख्या चपट्या तोंडाच्या जातींत ही तपासणी ऐच्छिक मानूच नये. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत बोस्टन टेरियर, बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉग या तिन्ही जातींच्या ८० टक्क्यांहून अधिक वेती सिझेरियनने झाल्याचे आढळले होते. मोठे डोके आणि अरुंद कटिभाग ही जोडी जगात कुठेही बदलत नाही.

माजाच्या वेळची नोंद नसेल तर दोन तपासण्यांचा आधार घ्यावा. सोनोग्राफीवर सुमारे २५व्या दिवसापासून गर्भ आणि हृदयाचे ठोके दिसतात; गर्भ जिवंत आहेत का हे तिच्याने उत्तम कळते, पण संख्या मोजण्यासाठी ती भरवशाची नाही. संख्येसाठी ५५ दिवसांनंतर एक्स-रे काढावा. तोवर सर्व सांगाडे स्पष्ट दिसू लागतात आणि कवट्या व पाठीचे कणे वेगवेगळे मोजता येतात. हा आकडा केसपेपरवर ठळक लिहावा, कारण शस्त्रक्रिया संपवताना तोच पुन्हा लागतो.

सिझेरियन केव्हा करायचे

विण्याच्या आधीच्या १२ ते २४ तासांत मादीच्या गुदद्वाराचे तापमान ३७.२ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ९९ फॅरनहाइटच्या खाली जाते. पालकांनी शेवटचा आठवडाभर ते दिवसातून दोन-तीनदा, ठरावीक वेळी मोजून लिहून ठेवावे. घसरण काही तासांचीच असते, त्यामुळे दिवसातून एकदाच मोजणाऱ्याच्या नजरेतून ती सहज निसटते. त्यानंतर पहिला टप्पा सुरू होतो: मादी धापा टाकते, अंथरूण उकरते, खाणे सोडते आणि एका जागी ठरत नाही. हा टप्पा साधारण ६ ते १२ तास चालतो. पहिलटकरणीत तो आणखी लांबू शकतो. खऱ्या कळा दुसऱ्या टप्प्यात येतात.

पालकांचा फोन आला की मादी किती दिवसांची आहे, तापमान कधी उतरले, जोरदार कळा किती वेळ आहेत, शेवटचे पिल्लू किती वाजता आले आणि स्रावाचा रंग कोणता आहे, एवढे विचारावे. पुढीलपैकी एकही गोष्ट आढळली तर मादीला लगेच दवाखान्यात बोलवावे.

– जोरदार, सलग कळा २० ते ३० मिनिटे येऊनही पिल्लू बाहेर आलेले नाही.
– पोटात पिल्ले शिल्लक असताना शेवटच्या पिल्लानंतर दोन तासांहून अधिक वेळ गेला आहे.
– पहिले पिल्लू येण्याआधीच हिरवा-काळसर स्राव दिसत आहे.
– तापमान उतरून २४ तास झाले, तरी कळा नाहीत.
– स्रावाला दुर्गंधी आहे, ताजे रक्त खूप जात आहे किंवा मादी मलूल पडली आहे.

हिरव्या रंगाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. तो रंग वारेच्या कडेला साचलेल्या रक्तातील रंगद्रव्याचा असतो. निदान एक वार सुटू लागली आहे, असा त्याचा अर्थ. पहिले पिल्लू आल्यानंतर हिरवा स्राव दिसणे स्वाभाविक आहे. त्याआधी दिसला, तर आत एखादे पिल्लू प्राणवायूला मुकत चालले आहे असे समजून हालचाल करावी. “सकाळपर्यंत वाट पाहू” हे वाक्य अशा वेळी पिल्लांचा जीव घेते.

मादी दवाखान्यात आली की हातमोजा घालून, वंगण लावून बोटाने योनिमार्ग तपासावा. मार्गात पिल्लू अडकले आहे का हे तर कळतेच, शिवाय मार्गाच्या वरच्या भिंतीवर बोटाने हलके दाबल्यावर मादी कळ देते का तेही पाहता येते. दाबूनही प्रतिसाद नसेल तर गर्भाशय थकले असण्याची शक्यता मोठी असते. मागचे पाय आधी घेऊन येणारे पिल्लू कुत्रीमध्ये अडचणीचे समजू नये. जवळपास ४० टक्के पिल्ले तशीच जन्मतात. ढुंगण पुढे आणि पाय पोटाखाली दुमडलेले असतील किंवा मान वळलेली असेल, तर मात्र ती खरी अडचण आहे.

यानंतर सोनोग्राफीवर प्रत्येक गर्भाचे ठोके मोजावेत. मिनिटाला २००हून अधिक ठोके असतील तर तूर्त धीर धरता येतो. ते १८० ते २००च्या दरम्यान असतील तर गर्भावर ताण आहे, म्हणून थोड्या वेळाने पुन्हा मोजावेत. ठोके १८०च्या खाली आणि तिथेच रेंगाळत असतील तर शस्त्रक्रियेची तयारी सुरू करावी. ऑक्सिटोसिनचा, म्हणजे गर्भाशय आखडवून कळा आणणाऱ्या इंजेक्शनचा, मोह आवरण्याची वेळ हीच असते. मार्ग मोकळा असेल, पिल्लाची स्थिती सरळ असेल, ठोके चांगले असतील आणि पिल्ले थोडीच उरली असतील, तर एका वेळी अर्धे ते दोन युनिट एवढीच मात्रा, अर्ध्या तासाच्या अंतराने, फार तर दोनदा-तीनदा द्यावी. जास्त मात्रेने गर्भाशय आखडून बसते आणि वारेचा रक्तपुरवठा तुटतो. मार्ग अडलेला असेल तर ते फाटूही शकते. औषधाचा परिणाम दिसला नाही तर आणखी एक इंजेक्शन देऊन पाहण्याऐवजी सरळ शस्त्रक्रियेचे टेबल तयार करावे.

ठरवून करायच्या सिझेरियनमध्ये घाईचा धोका उलट दिशेचा असतो. दोन दिवस आधी काढलेल्या पिल्लांची फुप्फुसे तयार नसतात आणि ती डोळ्यांदेखत धाप लागून जातात. म्हणून बीज सुटल्यापासून ६२-६३ दिवस पूर्ण झालेले असावेत आणि प्रोजेस्टेरॉन २ नॅनोग्रॅमच्या खाली उतरलेले असावे. पालकांना रविवार सोयीचा आहे किंवा एखादा मुहूर्त हवा आहे, या कारणांसाठी तारीख अलीकडे आणू नये.

चिरेआधीची तयारी

संमतीपत्रावर सही घेताना दोन प्रश्न स्पष्ट विचारून घ्यावेत: गर्भाशय खराब झालेले आढळले तर ते काढायचे का, आणि ते चांगले असले तरी नसबंदी त्याच वेळी करून हवी आहे का. नसबंदीमुळे दूध आटते ही समजूत चुकीची आहे, कारण दूध प्रोलॅक्टिनवर चालते आणि ते मेंदूतील पियुषिका ग्रंथीतून येते. मात्र मादी आधीच खचलेली असेल तर शस्त्रक्रियेचा वेळ वाढवू नये.

रक्तातील ग्लुकोज, कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि तांबड्या पेशींचे प्रमाण पाहावे. पूर्ण दिवस भरलेल्या मादीत पेशींचे प्रमाण ३० ते ३५ टक्के असणे नेहमीचेच आहे. अशा मादीत ते ४५ आले तर निरोगीपणाची खूण समजून समाधान मानू नये, तिच्या शरीरातील पाणी कमी झाले आहे असे ओळखून सलाईन वाढवावे. शिरेत कॅन्युला बसवावी, रिंगर लॅक्टेट सुरू करावे आणि सेफाझोलिन हे प्रतिजैविक किलोला २२ मिलिग्रॅम शिरेतून द्यावे. पोटावरचे केस मादी शुद्धीत असतानाच, ती कुशीवर निजलेली किंवा उभी असताना काढावेत आणि पहिली धुलाईही तेव्हाच उरकावी. पाठीवर झोपवून केस काढत बसले की भुलेची दहा मिनिटे वाया जातात, आणि ती पिल्लांच्या वाट्याची असतात.

भूल देण्याआधी निदान पाच मिनिटे मास्कने प्राणवायू द्यावा. भरल्या गर्भाशयाने मादीचा श्वासपटल वर ढकललेला असतो आणि तिला प्राणवायू अधिक लागत असतो, त्यामुळे तिचा श्वास थांबला तर रक्तातला साठा झपाट्याने संपतो. तिचे जठरही उशिरा रिकामे होते, म्हणून उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका गृहीत धरून श्वासनलिकेत नळी लवकर घालावी आणि तिचा फुगा नीट फुगवावा.

भूल

आईला दिलेले जवळपास प्रत्येक भुलेचे औषध वार ओलांडून पिल्लापर्यंत पोहोचते, हे एकच तत्त्व येथे सतत लक्षात ठेवावे लागते. आपल्याकडे अनेक दवाखान्यांत झायलाझिन आणि केटामाइन ही जोडी सर्रास वापरली जाते. सिझेरियनसाठी ती वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. झायलाझिनने आईच्या हृदयाची गती आणि गर्भाशयाचा रक्तपुरवठा मंदावतो, केटामाइनने पिल्ले मलूल निघतात आणि पुसणाऱ्यांचे काम दुप्पट होते. असेप्रोमॅझिनचा अंमल लांबतो आणि तो उलटवता येत नाही. डायझेपामही पिल्ले बाहेर येईपर्यंत टाळावे.

प्रोपोफोल शिरेतून, हळूहळू, परिणाम पाहत, किलोला साधारण ४ ते ६ मिलिग्रॅम द्यावे आणि पुढे आयसोफ्लुरेन या भुलेच्या वायूवर मादीला शक्य तितके उथळ भुलेत ठेवावे. गर्भार मादीला भुलेचा वायू एरवीपेक्षा बराच कमी लागतो. चिरेच्या रेषेत लिग्नोकेन हे जागा बधिर करणारे औषध टोचून ठेवले तर वायू आणखी कमी पुरतो. त्याची एकूण मात्रा किलोला ५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये. प्रोपोफोल दिल्यापासून पहिले पिल्लू बाहेर येईपर्यंत १५ ते २० मिनिटे जावीत अशी आखणी करावी, म्हणजे औषधाचा मोठा भाग पिल्लांच्या रक्तातून उतरलेला असतो. वेदनाशामक ओपिऑइडची पूर्ण मात्रा शेवटचे पिल्लू निघाल्यावर आईला द्यावी. ती द्यायला विसरू नये. पिल्लांच्या काळजीपोटी आईला दुखत ठेवणे हा उपाय नव्हे.

आयसोफ्लुरेनची सोय नसेल तर कण्यातून लिग्नोकेन देऊन सिझेरियन करता येते. गर्भार मादीत कण्याच्या पोकळीतील शिरा फुगलेल्या असल्याने मात्रा नेहमीपेक्षा निदान पाव हिश्शाने कमी करावी आणि रक्तदाबावर नजर ठेवावी.

चीर, गर्भाशय, पिल्ले

मध्यरेषेवर, बेंबीपासून मागे चीर घ्यावी. दिवस भरलेल्या मादीत पांढरी रेषा, म्हणजे पोटाच्या स्नायूंना मधोमध जोडणारी पट्टी, ताणून कागदासारखी पातळ झालेली असते आणि लगेच खाली गर्भाशय टेकलेले असते, म्हणून ती चिमट्याने वर उचलून मगच छेद द्यावा. दुधाने भरलेल्या स्तनग्रंथींना धक्का लावू नये. गर्भाशयाची दोन्ही शिंगे (पिल्ले असलेले लांब फाटे) हलक्या हाताने बाहेर घ्यावीत, ओढू नयेत. ओढल्यास गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या तुटतात. गर्भाशयाभोवती कोमट सलाईनमध्ये भिजवलेले पॅड लावावेत.

गर्भाशयाच्या मुख्य भागावर, रक्तवाहिन्या कमी असलेल्या जागी लहान छेद घेऊन तो कात्रीने वाढवावा. तो पिल्लाच्या डोक्यापेक्षा लहान राहिला तर पिल्लू ओढताना कडा फाटतात. जवळच्या पिल्लाला शिंगावरून बोटांनी दाबत छेदाकडे सरकवावे, वेष्टण फाडून नाकतोंड मोकळे करावे, नाळ पिल्लाच्या पोटापासून एक-दोन सेंटिमीटरवर चिमट्यात धरून कापावी आणि पिल्लू निर्जंतुक फडक्यावर सहाय्यकाच्या हाती सोपवावे. वार हलक्या ओढीने सुटली तर काढावी. घट्ट चिकटलेली असेल तर ती तशीच ठेवावी. खरवडल्यास रक्तस्राव होतो आणि राहिलेली वार पुढे ऑक्सिटोसिनने पडते.

सर्व पिल्ले निघाली असे वाटल्यावर दोन्ही शिंगे बीजांडापासून गर्भाशयाच्या मुखापर्यंत बोटांत घेऊन चाचपावीत आणि कटिभागात, योनिमार्गाच्या तोंडाशी एखादे अडकलेले नाही ना हे पाहावे. एक्स-रेवरचा आकडा येथे जुळलाच पाहिजे. मग ३-० किंवा ४-० जाडीच्या विरघळणाऱ्या धाग्याने गर्भाशय सलग टाक्यांनी शिवावे. धागा आतल्या पोकळीत शिरू देऊ नये. पोटात गर्भजल सांडले असेल तर कोमट सलाईनने धुऊन घ्यावे. त्वचेसाठी आतून जाणारे टाके घालणे उत्तम, कारण बाहेरच्या गाठी दूध पिणाऱ्या पिल्लांच्या तोंडाला टोचतात.

पिल्लांचा पहिला अर्धा तास

दोन पिल्लांमागे निदान एक माणूस, हे प्रमाण मी सोडत नाही. माणसे कमी असतील तर पालकांपैकी शांत स्वभावाच्या एकाला आधी शिकवून उभे करावे. टेबलावर गरम केलेले टॉवेल, रबरी फुगा, लहान मास्क, प्राणवायूची नळी, दोरा आणि आयोडीन आधीच मांडलेले असावे.

पिल्लू टॉवेलमध्ये घेऊन डोके किंचित खाली राहील असे धरावे, मान बोटांनी सांभाळावी, आधी तोंडातील आणि मग नाकातील चिकट द्रव फुग्याने ओढावा आणि पाठीवर, छातीच्या दोन्ही बाजूंना जोमाने पण न चिरडता चोळावे. पिल्लू हातात घेऊन झटक्याने खाली झोकण्याची जुनी पद्धत अजूनही काही ठिकाणी दिसते. ती बंद व्हायला हवी, कारण तिने मेंदूत रक्तस्राव होतो आणि पोटातले द्रव उलट श्वासनलिकेत जाते.

एका मिनिटात श्वास सुरू झाला नाही तर नाकाखालच्या खाचेत २५ गेजची सुई टोचून, हाडाला लागल्यावर किंचित फिरवावी. अनेक पिल्ले यावर उचकी देऊन श्वास घेतात. तरीही प्रतिसाद नसेल तर घट्ट बसणाऱ्या मास्कमधून प्राणवायूचे श्वास द्यावेत, मिनिटाला साधारण ३० या गतीने. हृदयाची गती दोन बोटांत छाती धरून मोजावी. जन्मलेल्या पिल्लाचे ठोके मिनिटाला २००च्या आसपास असतात. ते १५०च्या खाली असतील तर कारण बहुतेक वेळा प्राणवायूची कमतरता असते. म्हणून ठोके वाढवणारे अॅट्रोपिन देण्यापेक्षा श्वास देणे महत्त्वाचे. आईला आधी ओपिऑइड दिले असेल तर त्याचा अंमल उतरवणाऱ्या नॅलोक्सोनचा एक थेंब जिभेखाली टाकावा. ठोके जाणवत आहेत तोवर प्रयत्न सोडू नयेत. काही पिल्ले पाच-सात मिनिटे निपचित राहून मग लहानसा चिरका आवाज काढतात, आणि त्या आवाजानंतर त्यांचा गुलाबी रंग जिभेवर पसरताना दिसतो.

श्वास लागल्यावर नाळेला आयोडीन लावावे, टाळू फाटलेली नाही ना आणि गुदद्वार उघडे आहे ना हे पाहावे, वजन करावे आणि ओळखीसाठी वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधावा. पेटी ३० ते ३२ अंश सेल्सिअसवर ठेवावी; पहिल्या आठवड्यात पिल्लांना स्वतःचे तापमान राखता येत नाही. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नये. त्याचे आतडे थांबलेले असते आणि दूध पोटात साचते किंवा फुप्फुसात जाते. आधी ऊब द्यावी, मग दूध.

आई शुद्धीवर आल्यावर

आई पूर्ण सावध होऊन मान धरू लागेपर्यंत पिल्ले तिच्याजवळ एकटी ठेवू नयेत. भुलेच्या गुंगीतली आई पिल्लांवर बसते, आणि शस्त्रक्रियेने जन्मलेली पिल्ले आपली आहेत हे न कळल्याने काही माद्या त्यांना चावतात. गर्भजलाचा थोडा अंश पिल्लांच्या अंगावर राहू द्यावा, त्यांना तिच्या नाकाशी न्यावे आणि पहिले दूध पाजताना एकाने तिचे डोके, दुसऱ्याने पिल्ले सांभाळावीत. आयोडीन किंवा स्पिरिट स्तनांवर राहिले असेल तर आधी कोमट पाण्याने पुसावे. चिकातून मिळणारी प्रतिकारशक्ती पहिल्या २४ तासांतच आतड्यातून शोषली जाते, आणि त्यातही पहिले १२ तास अधिक मोलाचे.

शक्य असेल तर मादीला त्याच दिवशी घरी पाठवावे. दवाखान्यात पार्व्हो आणि डिस्टेंपर या संसर्गजन्य आजारांचे रुग्ण येत असतात.

घरी पाठवताना पालकांना काय सांगावे

प्रत्येक पिल्लाचे वजन रोज एकाच वेळी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर घ्यावे. पहिल्या दिवशी थोडी घट चालते. त्यानंतर वजन रोज वाढायला हवे आणि ७ ते १० दिवसांत दुप्पट व्हायला हवे. जे पिल्लू इतरांपासून दूर पडून सतत कुंई-कुंई करते, त्याला त्याच दिवशी दाखवावे.

आईच्या योनिमार्गातून लालसर-तपकिरी स्राव तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकतो. त्याला वास आला, ताप ३९.७ अंशांच्या वर गेला, एखादा स्तन कडक, गरम किंवा जांभळट झाला, तर वाट पाहू नये. तिला नेहमीच्या दोन ते तीनपट अन्न लागते, आणि पाणी तिच्या जागेवरच ठेवावे. पॉमेरेनियन, शिह त्झू, पग अशा लहान जातींत दोन ते चार आठवड्यांनी, दूध ऐन भरात असताना, रक्तातील कॅल्शियम कोसळू शकते. आधी मादी उगाच धापा टाकते, तोंड खाजवते, ताठ पायांनी चालते. पुढे थरथर आणि झटके येतात. अशा वेळी पिल्ले लगेच वेगळी करून मादीला दवाखान्यात आणावे. तेथे १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून, हृदयाचे ठोके ऐकत, १० ते २० मिनिटांत सावकाश द्यावे लागते. गर्भारपणात दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी हा आजार टळत नाही. उलट शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढायला सुस्तावते आणि धोका वाढतो. त्यामुळे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्या गोळ्या गर्भारपणात देऊ नयेत.

टाके १० ते १४ दिवसांनी तपासावेत आणि बाहेरचे असतील तर काढावेत. त्याच भेटीत पुढच्या मिलनाचे बोलून घ्यावे. पुढचा माज निदान मोकळा सोडावा, आणि दोन-तीन सिझेरियननंतर त्या मादीला पुन्हा लावू नये. सिझेरियन कशामुळे करावे लागले हे केसपेपरवर एका वाक्यात नेमके लिहून पालकांनाही त्याची प्रत द्यावी. एकच मोठे पिल्लू असल्याने करावे लागले असेल, तर पुढच्या वेळी नैसर्गिक प्रसूतीची वाट पाहता येते. कटिभाग अरुंद असल्याने करावे लागले असेल, तर पुढचा डॉक्टर ते वाचून तासन्‌तास कळांची वाट पाहत बसणार नाही.